‘लिहून द्या’ म्हणणारी माणसं

आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारनाम्यावर सह्या व्हायच्या होत्या तेव्हाची गोष्ट. गच्चीवर विशेष सर्वसाधारण सभा, प्लास्टिकच्या खुर्च्या, वडापाव येऊन गार झालेले. दुसऱ्या मजल्यावरचे एक काका, सगळी हयात तलाठी म्हणून गेलेले, चष्मा कपाळावर सरकवून उठले आणि म्हणाले, “मधेच भाडं बंद केलंत तर आम्ही काय करायचं, ते यात कुठं आहे?” विकासकाचे वकील समजूतदार हसले. “काका, भाडं बंद करायचा आम्हाला अधिकारच नाही. जो अधिकारच नाही तो वापरणार नाही असं लिहायचं कशाला?” काका म्हणाले, “अधिकार नाही ना? मग लिहून द्यायला काय जातं?”

सभेत हशा पिकला. कमिटीतली एकदोन माणसं पुढे वर्षभर काकांशी बोलत नव्हती. सगळं जुळत आलेलं असताना या माणसानं खोडा घातला, असा राग. कलम मात्र आलं. अगदी शेवटी, पुरवणी म्हणून.

मी त्या वेळी या पुस्तकातल्या मजकुराच्या भाषांतरात गळ्यापर्यंत बुडालो होतो, आणि गच्चीवर बसल्या बसल्या मला हसू आवरेना. वकिलांचा युक्तिवाद मला तोंडपाठ होता. जेम्स विल्सन नावाच्या दुसऱ्या एका वकिलानं तो ६ ऑक्टोबर १७८७ रोजी फिलाडेल्फियात उघड्या पटांगणात केला होता. काकांचं उत्तरही माझ्या टेबलावर होतं, निदान दहा जणांच्या सहीनं, आणि त्यातली बहुतेक नावं खोटी.

१७८७ ते १७९१ या चार वर्षांत अमेरिकेत राज्यघटनेच्या मंजुरीवरून जो वाद झाला, त्यातले निवडक लेख, पत्रं आणि भाषणं या पुस्तकात मराठीत आणली आहेत. अमेरिकेचं ‘बिल ऑफ राइट्स’ आपल्याकडे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात दोन ओळींत येतं, आणि वाटतं असं की शहाण्या पूर्वजांनी एक घटना लिहिली आणि तिच्यासोबत हक्कांची सनदही दिली. प्रत्यक्षात पूर्वजांनी ती द्यायची नाही असं ठरवलं होतं. ज्यांनी ती मागितली ते मतदानात हरले. आणि हरल्यावर त्यांना जे मिळालं, ते त्यांनी मागितलेल्यातलं सर्वांत कमी महत्त्वाचं होतं, असं त्यांच्यापैकी कित्येकांना वाटत राहिलं. या गुंत्यासाठी हे पुस्तक.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र पुष्कळ मिळते. इंग्रजांपासून सुटलेली तेरा राज्यं एका सैलसर करारानं बांधलेली होती. मध्यवर्ती काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. ती राज्यांकडे पैसे मागायची आणि राज्यं जमेल तसं द्यायची किंवा द्यायची नाहीत. १७८६च्या अखेरीस पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी डॅनिएल शेज या माजी कॅप्टनच्या मागे जाऊन कोर्टं बंद पाडली, तेव्हा सावकारवर्ग आणि प्रतिष्ठित मंडळी हादरली. मे १७८७मध्ये फिलाडेल्फियात परिषद भरली. जुना करार दुरुस्त करायला म्हणून बोलावलेल्या या माणसांनी दारं-खिडक्या लावून, बाहेर अवाक्षर न काढण्याच्या नियमाखाली, नवीच घटना लिहिली.

आता १२ सप्टेंबर १७८७. उन्हाळाभर बसून पंचावन्न प्रतिनिधींतले कित्येक जण घरी निघून गेलेत, उरलेल्यांना घरची ओढ लागली आहे, मसुदा तयार होऊन समोर आला आहे. व्हर्जिनियाचे जॉर्ज मेसन उठतात. वय एकसष्ट. यांनीच १७७६ साली व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा लिहिला होता. ते म्हणतात, घटनेच्या आरंभी हक्कांचा जाहीरनामा असावा. राज्यांचे जाहीरनामे समोर आहेतच, दोनचार तासांत तयार होईल. एल्ब्रिज गेरी समिती नेमण्याचा ठराव मांडतात. रॉजर शर्मन म्हणतात, राज्यांचे जाहीरनामे रद्द होत नाहीत, तेवढे पुरे. मतं मोजली जातात. दहा राज्यं विरोधात, बाजूनं एकही नाही. मेसनच्या स्वतःच्या व्हर्जिनियाचंही नाही.

मला या दृश्यात दुष्टपणा दिसत नाही, कंटाळा दिसतो. माणसं थकली होती. पण त्या कंटाळ्याची किंमत पुढे जबर पडली. मेसननी छापील मसुद्याच्या कोऱ्या पाठीवर आपले आक्षेप लिहून काढले आणि पहिल्याच ओळीत हक्कांचा जाहीरनामा नसल्याची तक्रार मांडली. पाच दिवसांनी ३९ सह्या झाल्या. हजर असून सही न करणारे तिघे: मेसन, गेरी आणि एडमंड रँडॉल्फ. मेसन तर आधीच म्हणून चुकले होते की या स्वरूपात सही करण्यापेक्षा उजवा हात तोडून टाकीन.

मेसनना देव्हाऱ्यात बसवायची घाई मात्र नको. गन्स्टन हॉल या त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध परिषदेत सर्वांत कडक बोलणाऱ्यांपैकी ते एक, आणि घरी कित्येक माणसांचे मालक. ही विसंगती या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक पानामागे उभी आहे. ‘आम्ही लोक’ म्हणणाऱ्यांच्या मनात कोणते लोक होते, हा प्रश्न वाचकानं दर पानाला विचारावा.

नव्या घटनेच्या सातव्या अनुच्छेदात मंजुरीची रीत होती: तेरापैकी नऊ राज्यांत लोकांनी निवडलेल्या खास परिषदांनी होकार दिला की घटना लागू. जुन्या कराराप्रमाणे तेराही राज्यांची संमती लागायची. म्हणजे नियम बदलण्यासाठी आधी नियमाला बगल दिली गेली होती, आणि विरोधकांनी ते नेमकं पकडलं.

पेनसिल्वेनियात तर पहिल्या पंधरवड्यातच धिंगाणा झाला. विधानसभा मुदत संपून विसर्जित व्हायला आली होती. त्याआधी मंजुरी परिषद बोलावण्याचा ठराव पुरा व्हायला हवा. विरोधी सभासदांनी साधा उपाय केला, सभेला गेलेच नाहीत. गणपूर्तीला ४६ जण हवेत, हजर ४४. दुसऱ्या दिवशी, २९ सप्टेंबरला, जमावानं दोन सभासदांना त्यांच्या बिऱ्हाडातून ओढून रस्त्यानं फरपटत सभागृहात आणून बसवलं. कपडे फाटलेले, चेहरे पांढरेफटक. त्यातले मॅकॅल्मंट म्हणाले, गैरहजेरीचा दंड भरतो, मला जाऊ द्या. प्रेक्षकांनी दार अडवलं. ४६ झाले, ठराव झाला. व्यक्तीच्या स्वातंत्र्याचं रक्षण करू पाहणाऱ्या घटनेची ही सुरुवात. आमदार पळवण्याच्या बातम्यांवर वाढलेल्या मराठी वाचकाला इथे तळटीप लागू नये.

विल्सनचं पटांगणातलं भाषण याच पार्श्वभूमीवर झालं. त्याचा मुद्दा खरोखर तल्लख आहे. राज्य सरकारांना लोकांनी सगळी सत्ता देऊन काही राखून ठेवलं, म्हणून तिथे राखीव हक्कांची यादी लागते. संघसरकारला मोजून दिलेलीच सत्ता आहे. जे दिलं नाही ते लोकांकडेच राहिलं. छापखान्यावर हात टाकायचा अधिकारच दिलेला नाही, तर छापखान्याला हात लावू नका हे लिहायचं कशाला? पुढे अलेक्झांडर हॅमिल्टननं हेच आणखी टोकदार केलं: यादी अनावश्यक तर आहेच, धोक्याचीही आहे. ज्याच्या सातबाऱ्यावर जमीनच नाही त्याला ‘जमीन विकू नकोस’ असं लेखी बजावलं, तर उद्या तो म्हणेल, म्हणजे जमीन माझी होती तर! (सातबारा माझा, युक्तिवाद त्याचा.)

या युक्तिवादाला तोड ‘ब्रूटस’ या टोपणनावानं लिहिणाऱ्या लेखकानं काढली, आणि ती मला साऱ्या वादातली सर्वांत देखणी चाल वाटते. त्यानं घटनेचाच मजकूर समोर धरला. हेबिअस कॉर्पस स्थगित करता येणार नाही, खटल्यावाचून शिक्षा ठोठावणारा कायदा करता येणार नाही, सरदारक्या वाटता येणार नाहीत, हे तुम्हीच लिहिलंत ना? सरदारक्या वाटायचा अधिकार घटनेत कुठे दिला होता? दिला नसताना मनाई लिहिलीत, म्हणजे दिलेलं नसलं तरी घेतलं जाऊ शकतं हे तुम्हालाही ठाऊक होतं. मग या चारदोन गोष्टींपुरतंच का लिहिलंत? याला ना विल्सनकडे धड उत्तर होतं, ना हॅमिल्टनकडे. पब्लियस या नावानं हॅमिल्टन, जेम्स मॅडिसन आणि जॉन जे यांनी घटनेच्या बाजूनं लिहिलेले ८५ निबंध आज जगभर अभ्यासाला असतात. ब्रूटसचे सोळा मोजके लोक वाचतात. जिंकणाऱ्याचं वाङ्मय टिकतं, म्हणून या पुस्तकात मी मुद्दाम पारडं उलट बाजूला झुकवलं आहे. आक्षेप घेणाऱ्यांना पानं जास्त दिली आहेत.

नावांची गंमतही इथेच सांगतो. ‘फेडरल’ म्हणजे राज्यांच्या सैल संघाचा पुरस्कर्ता, असा तोवरचा अर्थ. मजबूत केंद्र हवं असणाऱ्यांनी तो शब्द स्वतःला लावून घेतला आणि संघाच्या खऱ्या कैवाऱ्यांच्या कपाळी नुसतं ‘अँटि’ उरलं. गेरी यावर इतका चिडला होता की पुढे काँग्रेसमध्ये म्हणाला, खरी नावं ‘रॅटिफाय’वरून पाडायला हवी होती: ते रॅट आणि आम्ही अँटि-रॅट. इंग्रजीतल्या उंदरांना मराठीत आणायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. जमलं नाही, सोडून दिलं.

शब्दांचाच विषय निघाला म्हणून भाषांतरातली एक अडचण. ‘अधिकार’ हा शब्द मराठीत दोन घोड्यांवर बसतो. नागरिकाचा तो अधिकार आणि फौजदाराचाही अधिकारच. म्हणून तर साहेबाला आपण ‘अधिकारी’ म्हणतो. या वादात एका बाजूला सरकारची सत्ता आणि दुसऱ्या बाजूला माणसाचा दावा असताना दोन्हींना एकच शब्द वापरला असता, तर वाचकाचा पार गोंधळ उडाला असता. मी सरकारकडे असतो तो ‘अधिकार’ आणि माणसाकडे असतो तो ‘हक्क’ अशी फाळणी केली आहे. आपल्या संविधानाच्या मराठी प्रतीतही ‘मूलभूत हक्क’च आहेत. ‘हक्क’ म्हटलं की कुणीतरी कुणाकडे तरी मागतोय असं ऐकू येतं, आणि ते इथे बरोबर आहे.

मंजुरीची शर्यत सुरुवातीला सोपी गेली. डेलावेअरनं ७ डिसेंबर १७८७ला ३०-० असा होकार दिला; जानेवारीच्या मध्यापर्यंत पाच राज्यं झाली. गाडं अडलं ते मॅसॅच्युसेट्सला. बॉस्टनच्या परिषदेतली दोन भाषणं पूर्ण घेतली आहेत, ती कृपा करून सलग वाचावी. अमोस सिंगलटरी नावाचा वयस्क खेडूत म्हणतो की हे वकील, शिकलेसवरलेले आणि पैसेवाले गोडगोड बोलून आम्हा गरिबांकडून ही गोळी गिळवतील आणि मग देवमासा योनाला गिळतो तसे आम्हालाच गिळतील. त्याला उत्तर देतो तो कुणी वकील नव्हे, जोनाथन स्मिथ नावाचा नांगर धरणारा शेतकरी. मी शेजच्या बंडाच्या मुलखातला, अराजक काय असतं ते दारात पाहिलंय, मला सरकार हवंय. दोघेही शेतकरी, दोघेही भ्यालेले. एक सरकारला, एक सरकार नसण्याला.

परिषदेचे अध्यक्ष जॉन हॅनकॉक संधिवातानं घरी पडून होते. वारा कुठे वाहतो ते कळेपर्यंत त्यांचा पाय बरा होणार नाही, असं गावात बोललं जाई. जानेवारीअखेर पाय बरा झाला. आणि त्यांनी तोडगा मांडला: मंजुरी आत्ता द्यायची, बिनशर्त, सोबत दुरुस्त्यांची शिफारस जोडायची. ६ फेब्रुवारी १७८८, १८७ विरुद्ध १६८. दहा माणसं इकडची तिकडे झाली असती तर घटना तिथेच कोसळली असती. यानंतर मेरीलँडचा अपवाद वगळता ज्या ज्या राज्यानं मंजुरी दिली, त्यानं सोबत मागण्यांची यादी धाडली.

रिचमंडला भरलेल्या व्हर्जिनियाच्या परिषदेत घटनेचा विरोधक पॅट्रिक हेन्री बोलायचा तेव्हा लोक खुर्चीचे हात धरून बसत. त्याच्या समोर जेम्स मॅडिसन: बुटका, आजारी, टोपीत टिपणं ठेवून बोलणारा, आवाज इतका बारीक की लघुलेखकानं ठिकठिकाणी ऐकू आलं नाही असा शेरा मारून जागा सोडली आहे. हेन्रीचं हक्कांवरचं वक्तृत्व भारून टाकतं. पण त्यानंच परिषदेच्या अखेरीस मालकांना भीती घातली की उद्या हे संघसरकार तुमचे गुलाम मोकळे करील. स्वातंत्र्याच्या गाण्यातच बेडीचा खुळखुळाट. तोही उतारा मी गाळलेला नाही. मत पडलं ८९-७९, घटनेच्या बाजूनं. न्यू हॅम्पशायरनं चार दिवस आधीच नववं राज्य होऊन घटना पक्की केली होती, पण ती बातमी तोवर रिचमंडला पोचली नव्हती. न्यूयॉर्क महिन्याभरानं ३०-२७नं आलं. ऱ्होड आयलंड १७९०पर्यंत रुसून बसलं आणि व्यापार तोडण्याची धमकी आल्यावर ३४-३२नं सामील झालं.

घटना झाली. आता शिफारशींच्या त्या याद्या कुठल्या कपाटात टाकल्या गेल्या असत्या, सांगता येत नाही. टाकल्या गेल्या नाहीत याचं कारण मॅडिसन, म्हणजे ज्याला हक्कांची यादी चर्मपत्राची भिंत वाटत होती तोच माणूस. कागदी मनाई बहुसंख्येपुढे टिकत नाही, हा त्याचा आक्षेप होता, आणि तो पोकळ नव्हता. व्हर्जिनियाचा जाहीरनामा असतानाही तिथे काय चालतं हे त्यानं पाहिलं होतं. पॅरिसहून त्याचा मित्र थॉमस जेफर्सन त्याला लिहीत होता की पुरी नाही तर नाही, अर्धी भाकर तरी पदरात पाड, आणि न्यायाधीशांच्या हातात दाखवायला काहीतरी लेखी दे. या दोघांची पत्रं पुस्तकाचा तिसरा भाग व्यापतात.

पण पत्रांपेक्षा निवडणूक प्रभावी ठरली असावी. हेन्रीनं मॅडिसनची सिनेटची वाट अडवली. प्रतिनिधिगृहासाठी त्याच्यासमोर जेम्स मन्रो उभा राहिला, आणि मतदारसंघात बाप्टिस्ट पुष्कळ. परवाना न घेता प्रवचन केलं म्हणून ज्यांच्या उपदेशकांनी व्हर्जिनियाच्या तुरुंगात दिवस काढले, ती ही माणसं; त्यांना धर्मस्वातंत्र्य लेखी हवं होतं. मॅडिसननं जानेवारी १७८९मध्ये एका बाप्टिस्ट उपदेशकाला पत्र लिहून शब्द दिला. थंडी अशी की एका चर्चबाहेर मन्रोशी त्याचा वादविवाद बर्फात झाला आणि परतताना आपलं नाक गारठून जखमी झालं, हे मॅडिसन म्हातारपणी सांगत असे. १३०८ विरुद्ध ९७२ मतांनी तो जिंकला. ३३६ मतं आणि एक गारठलेलं नाक!

आणि त्यानं शब्द पाळला, हे मला थोर वाटतं. ८ जून १७८९ला तो उभा राहिला तेव्हा सभागृहाला जकातीची घाई होती. त्यानं राज्यांच्या याद्यांतून हक्क तेवढे वेचले आणि संघसरकारची करसत्ता कापू पाहणाऱ्या मागण्या हलकेच बाजूला ठेवल्या. विरोधकांच्या ते लक्षात आलं. देवमासा गलबतावर चालून आला की खलाशी त्याच्यापुढे रिकामं पिंप फेकतात, तो पिंपाशी खेळत बसतो. तसं हे पिंप आम्हाला टाकलंय, असं ते म्हणाले. पुन्हा देवमासाच. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

मॅडिसनला या ओळी घटनेच्या पोटात, जागोजागी घालायच्या होत्या. शर्मननं हट्ट धरला की मूळ मजकुराला हात नको, शेवटी जोडा. म्हणून त्या पुरवणी झाल्या. काँग्रेसमध्ये सतराच्या बारा झाल्या, राज्यांनी १५ डिसेंबर १७९१पर्यंत दहा मान्य केल्या. पहिल्या दोन पडल्यामुळे तिसरी वर सरकून ‘पहिली’ झाली. अभिव्यक्तीला पहिलं स्थान असं योगायोगानं मिळालं. पडलेल्यांतली एक, काँग्रेसच्या वेतनाविषयीची, १९९२ साली मंजूर झाली. सरकारी फाइल दोनशे वर्षांनी हलल्याचा दाखला आपल्याकडेही सापडणार नाही.

मॅडिसनला सर्वांत मोलाचं वाटणारं कलम मात्र सिनेटनं गाळलं: विवेकाचा, छापखान्याचा आणि ज्यूरीचा हक्क राज्य सरकारांनीही मोडू नये. त्यामुळे १८३३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की या दहा दुरुस्त्या राज्यांना लागू नाहीत. दक्षिणेतल्या गुलामाला त्यांचा कवडीचा उपयोग नव्हता. गाळलेली ती जागा भरायची सोय चौदाव्या दुरुस्तीनं झाली, १८६८ साली, यादवी युद्धात लाखो माणसं मेल्यावर. पुढे पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसून त्यांनी त्या देशाचं नेमकं कोणतं पान निवडलं, ते पाहण्याजोगं आहे.

आपल्या घटना समितीपर्यंत हा धागा येतो तो एका वेगळ्या वाटेनं. समितीचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव १९४७मध्ये अमेरिकेला गेले असताना न्यायमूर्ती फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी त्यांना बजावलं की तुमच्या मसुद्यातला ‘ड्यू प्रोसेस’, म्हणजे रीतसर न्याय्य प्रक्रिया, हा शब्दप्रयोग काढा. त्याच्या आधारानं न्यायाधीश लोकांनी निवडलेल्या कायदेमंडळाला अडवतात. पाचव्या दुरुस्तीतून आलेले ते शब्द आपल्या एकविसाव्या अनुच्छेदातून गेले आणि ‘कायद्याने प्रस्थापित केलेली कार्यपद्धती’ आली. सप्टेंबर १९४९मध्ये आंबेडकरांनी अटकेसंबंधीचं नवं कलम मांडताना कबूल केलं की तिथे जे गेलं त्याची ही काही अंशी भरपाई आहे. त्याआधी सोमनाथ लाहिरी समितीत बोलून गेले होते की हे हक्क पोलीस शिपायाच्या नजरेतून लिहिल्यासारखे वाटतात. आपल्याकडे घटना मंजुरीसाठी राज्याराज्यांत गेली नाही. ती समितीनंच २६ नोव्हेंबर १९४९ला स्वीकारली. त्यामुळे आपले सिंगलटरी आणि स्मिथ बोलायचेच राहून गेले. हा आपला तोटा असं मला वाटतं, जरी फाळणीच्या आगीत दुसरं काही शक्य होतं असं मी म्हणणार नाही. आणि अमेरिकेच्या पहिल्या दुरुस्तीनं अभिव्यक्तीवर बंधन घालणारा कायदा करू नका म्हटलं, तर १९५१च्या आपल्या पहिल्या दुरुस्तीनं ती बंधनं वाढवली, हेही जाता जाता नोंदवतो.

पुस्तक मेसनच्या आक्षेपांनी सुरू होतं. दोनतीन पानांचा मजकूर आहे, आधी तो वाचावा. ब्रूटसचे न्यायालयांवरचे निबंध जड आहेत, पहिल्या वाचनात सोडले तरी चालतील.

कच्चं बाड मी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांना वाचायला दिलं होतं. महिन्याभरानं परत आणून देताना त्यांनी विचारलं, “त्या मेसनला सही न केल्याचं काय मिळालं?” मी म्हटलं, वॉशिंग्टनशी त्याची वर्षानुवर्षांची दोस्ती होती. शेजारी शेजारी मळे. ती गेली, मरेपर्यंत.

काका म्हणाले, “होतं तसं.” आणि बाडाच्या बावन्नाव्या पानावरची शुद्धलेखनाची चूक दाखवली.